डोईवर काय घालू?

गेल्या काही आठवड्यांत या हातकामाच्या सदराला आलेल्या पत्रांपैकी निम्मी डोक्याबद्दलची आहेत. केस गळण्याबद्दल नव्हे, ते बघणाऱ्या बाई पुढच्या पानावर बसतात. ही पत्रं सणासमारंभाला डोक्यावर घालायच्या वस्तूंबद्दल आहेत, आणि तीही कुठून कुठून आलेली. म्हणून या वेळी क्रोशे आणि गोधड्यांना सुट्टी.

पुढे लिहिणाऱ्यांसाठी एक विनंती. डोक्याचा घेर कळवा आणि ते डोकं त्या दिवशी काय करणार आहे तेही कळवा. पाटावर बसून राहणार, नाचणार, की मुकुट ओढून तोंडात घालणार? सामान त्यावरून ठरतं. ‘छान दिसेल असं काहीतरी सांगा’ एवढंच लिहिलंत तर मी काय सांगणार?

ताई, मी मूळचा कुडाळचा, सध्या लाटव्हियात रीगाला वैद्यकीय शिक्षण घेतोय. इथे 23 जूनच्या रात्री ‘यानी’ हा मोठा सण असतो. पुरुष ओकच्या पानांचा आणि बायका रानफुलांचा मुकुट घालतात, रात्रभर शेकोटीभोवती गातात. मित्राच्या गावी जायचंय आणि मुकुट स्वतः करायचाय. मला साधा गजराही ओवता येत नाही. आपल्या शेजारी गोव्यात सांजांवला घालतात तसंच हे दिसतं. पद्धत तीच चालेल का?
— एक विद्यार्थी, रीगा

तू कुडाळचा, मी सावंतवाडीची, तेव्हा सरळ ‘तू’ म्हणते. पद्धत तीच चालेल. सण तरी कुठे वेगळा आहे? गोव्यात 24 जूनला सांव जांव म्हणजे बाप्तिस्मा देणाऱ्या संत योहानाचा सण, आणि तुझ्या यानीतला ‘यानिस’ हाही योहानच. तिथे ऊन सगळ्यांत जास्त वेळ टिकतं तेव्हा, आणि इथे पाऊस नुकताच लागलेला असतो तेव्हा, दोन्हीकडची माणसं कुंपणावरचा हिरवा पाला उचलून डोक्यावर ठेवतात. गोव्यातल्या त्या मुकुटाला कोपेल म्हणतात. येशूची आई मरिया भेटायला आली तेव्हा अलीशिबेच्या पोटातल्या योहानानं आनंदानं उडी मारली, म्हणून गोव्यातली पोरं ‘विवा सांव जांव’ ओरडत विहिरीत उड्या मारतात. लग्नानंतरचा पहिला सांजांव असलेल्या जावयाची सासुरवाडीला भलतीच बडदास्त असते, आणि भिजण्यातून त्याची सुटका नसते. शिवोलीला त्या दिवशी सजवलेल्या होड्या निघतात. एकदा जाऊन ये.

आता कोपेल कसं करतात ते नीट वाच. आधी कडं. ओली, वाकणारी वेल घेऊन डोक्याच्या घेरापेक्षा दोन बोटं मोठं कडं वळायचं, कारण पाला आतल्या बाजूनंही जागा खातो. वेल स्वतःभोवतीच तीन-चार वेढे गुंडाळायची, म्हणजे गाठ मारावी लागत नाही. मग पाल्याची आणि फुलांची छोटी-छोटी जुडी करायची, एका जुडीत तीन-चार काड्या. पहिली जुडी कड्यावर आडवी ठेवून देठावर दोऱ्याचे दोन वेढे द्यायचे. दुसरी जुडी अशी ठेवायची की तिची पानं पहिलीचे देठ झाकतील. असं एकाच दिशेनं पुढे जात राहायचं. शेवटची जुडी पहिलीच्या पानांखाली सरकवायची. दोरा शेवटपर्यंत अखंड ठेव, मध्ये तोडू नकोस. आमच्याकडे वेणी बांधायला केळीच्या खोडाचं सोपट भिजवून वापरतात, ते ओलं असताना बांधलं की फूल कापलं जात नाही. तुला रीगात केळीचं सोपट कोण देणार? सुतळीचा एक पदर सोडवून घे, तो भिजव, काम होईल. नायलॉनचा बारीक दोरा मात्र नको, तो देठ चिरतो.

ओकच्या बाबतीत दोन गोष्टी ध्यानात ठेव. सुटी पानं घेऊ नकोस. वीतभर लांबीचे, पाच-सात पानं असलेले शेंडे घे, आणि झाड ज्याच्या आवारातलं त्याला विचारून घे. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. गोव्यात कोपेल पाण्यात उडी मारतं, म्हणून ते घट्ट हवं. तुझ्याकडे मंडळी शेकोटीवरून उड्या मारतात. म्हणून तुझा मुकुट घट्ट तर हवाच, शिवाय त्यातून काहीही लोंबता कामा नये. रिबिनी नकोत, सुतळीची शेपटं कापून टाक, आणि मुकुट दुपारी नव्हे, संध्याकाळी कर म्हणजे पाला ओला राहील. बाकी त्या रात्रीचं शहाजिरं घातलेलं चीज आणि बिअर यांबद्दल मला विचारलेलं नाहीस, ते बरं केलंस.

याच विषयावर बोरिवलीहून एकींनी विचारलंय की सोसायटीतल्या मुलांसाठी प्लास्टिकच्या फुलांचं तयार कोपेल मिळतं, ते घ्यावं का. घेऊ नये. जून महिन्यात बोरिवलीत हिरवा पाला मिळत नाही असं मला कोणी सांगू नये. शिवाय खरं कोपेल विहिरीत सुटलं तर कुजून जातं, प्लास्टिकचं पुढच्या सांजांवपर्यंत तिथेच तरंगतं. पाला तोडताना मुलांबरोबर एक जाणतं माणूस ठेवा. रुईचा आणि कण्हेरीचा चीक डोळ्यांत गेला तर सण तिथेच संपेल.

नमस्कार ताई. माझ्या मुलीचं लग्न बंगाली मुलाशी ठरलंय. एकाच दिवशी दोन्ही पद्धतींनी विधी आहेत. मुलाच्या आजीचा हट्ट आहे की टोपोर सगळा वेळ डोक्यावर असावा. माझ्या सासूबाईंचा हट्ट आहे की मुंडावळ्या सुटता कामा नयेत. मुलीसाठी त्यांच्याकडचा मुकुटही येणार आहे. एका कपाळावर हे बसवायचं कसं?
— वधूमाय, सोलापूर

दोन्ही आज्यांना माझा नमस्कार सांगा. मुलाचं सोपं आहे, मुलीचं नाही.

टोपोर म्हणजे शंकूच्या आकाराचा पांढरा मुकुट, तो टाळूवर बसतो. मुंडावळ्या कपाळावर. जागा वेगळ्या आहेत, भांडण नाही. फक्त क्रम पाळा. मुंडावळ्या आधी बांधा, भुवयांच्या वर दोन बोटं, गाठ मागे मानेच्या वरच्या खोलगट भागात. टोपोर त्यावर अलगद ठेवा. गाठ वर टाळूकडे गेली तर टोपोर डगमगतो. आणि त्या दिवशी नवरदेवासाठी मोठ्या मण्यांच्या भरगच्च मुंडावळ्या नकोत. बारीक मोत्यांची एकपदरी सर पुरे, दोन्ही बाजूंनी लोंबणारे पदर जरा आखूड करून घ्या.

मुलीचा मुकुट मात्र कपाळाच्या वर उभा राहतो आणि त्याची खालची कड बरोबर मुंडावळ्यांच्या वाटेत येते. दोन्ही एकदम घातलं तर दोन्हीचं सौंदर्य जातं आणि मुलीचं डोकं दुखतं. अंतरपाटाच्या वेळी मुंडावळ्या, त्यांच्या विधीला मुकुट. सासूबाईंना सांगा, त्या वेळी मुंडावळ्या मनगटाला गुंडाळून ठेवल्या आहेत, सुटलेल्या नाहीत. शब्द पाळला जाईल.

टोपोर हातात घ्याल तेव्हा चकित व्हाल, वजनच नसतं. तो शोल्याचा असतो. शोला ही पाण्यात वाढणारी वनस्पती. बंगालमध्ये दलदलीत आणि साचलेल्या पाण्यात उगवते. ती उपटून वाळवतात, वरची तपकिरी साल तासून काढतात, आत दुधासारखा पांढरा, हलका गाभा निघतो. लांब पात्याच्या सुरीखाली ती काडी फिरवत फिरवत कागदाइतका पातळ पापुद्रा काढायचा, हे मालाकार मंडळींचं कसब. देवीच्या मूर्तीचा पांढरा साजही तेच करतात. त्यांच्यात कथा सांगतात की शंकराच्या लग्नातला मुकुट पहिल्या मालाकारानं याच शोल्यातून घडवला. बंगाली बाळाच्या अन्नप्राशनालाही छोटासा टोपोर घालतात, तेव्हा पुढची तयारी आत्ताच करून ठेवा!

तुम्ही सोलापूरच्या, म्हणून एक गोष्ट सांगते. हा शोला आपल्याला परका नाही. आपण त्याला भेंड म्हणतो. तुमच्या सीमेपलीकडे कर्नाटकात भेंडाची बाशिंगं करतात. साहेबाची ती फुगीर हॅटही भेंडाचीच असायची. तेव्हा मुलाच्या आजीला म्हणा, टोपोर आणि बाशिंग एकाच पाण्यातले. अर्धा हट्ट तिथेच विरघळेल.

भेंड पाणी धरतं आणि दाबलं की चेपतं, पुन्हा फुगत नाही. म्हणून टोपोर बॅगेत भरू देऊ नका. खोक्यात उभा ठेवून, आत कागदाचे बोळे भरून, मांडीवर घेऊन आणायला सांगा. अक्षता पडतील त्यानं काही होत नाही. हळदीचे ओले हात मात्र लांब ठेवा.

ताई, मुलाकडे स्वीडनमध्ये गोथेनबर्गला आले आहे. 13 डिसेंबरला नातवाच्या शाळेत संत लुसियाच्या सणाचा कार्यक्रम आहे. मुलींना मेणबत्त्यांचा मुकुट आणि मुलांना उंच पांढरी टोपी, तिच्यावर सोनेरी चांदण्या. विकत आणली तर नातू म्हणतो आजीनंच करायची. पण मी केलेली टोपी कानांवर घसरते. माप कसं काढू?
— एक आजी

शंकूचं माप अगदी सोपं आहे. नातवाच्या डोक्याचा घेर टेपनं घ्या आणि दीडनं भागा. घेर 52 सेंटिमीटर असेल तर साधारण साडेचौतीस आलं. तेवढी त्रिज्या घेऊन जाड पांढऱ्या कागदावर पाव वर्तुळ काढा, म्हणजे वर्तुळाचा चौथा भाग. कापा, गुंडाळा. कडा एकमेकींवर दोनेक सेंटिमीटर चढतात, तिथेच चिकटवा. उंचीही आपोआप वीत-दीड वीत येते. घसरते याचा अर्थ तुम्ही अर्धं वर्तुळ घेतलं असणार, त्याची टोपी पसरट आणि बुटकी होते. आतून कडेला लोकरीची एक पट्टी चिकटवा, ती केस धरून ठेवते. हनुवटीखाली इलॅस्टिक लावू नका, गाताना टोचतं.

मुलींच्या मुकुटाबद्दल तुम्ही विचारलं नाही, तरी सांगते, कारण नातीही असतील. लिंगनबेरीच्या हिरव्या डहाळ्यांचं कडं आणि त्यात उभ्या मेणबत्त्या अशी खरी रीत. खऱ्या मेणबत्त्या लावतात तेव्हा केसांवर ओला रुमाल घालतात, मेण ठिबकतं म्हणून. लहान मुलींना बॅटरीच्याच मेणबत्त्या द्या. याबाबतीत मी परंपरेच्या बाजूची नाही.

नमस्कार. आम्ही न्यू जर्सीत असतो. मंडळाच्या कार्यक्रमात मुलगा वासुदेव होणार आहे. खरी मोरपिसांची टोपी भारतातून कुरियरनं मागवायची आहे. कोण करून देईल?
— एक वडील

कोणी करून दिली तरी पाठवता येणार नाही. गळून पडलेली मोरपिसं देशात बाळगायला आणि विकायला कायद्याची मोकळीक आहे, पण देशाबाहेर पाठवायला बंदी आहे. ‘कोणी बघत नाही हो’ म्हणणारा विक्रेता भेटेल. त्याला दूर ठेवा.

वासुदेवाची टोपी ओळखू येते ती उंचीनं आणि वर उमलणाऱ्या पिसाऱ्यानं. पिसं खरी आहेत की कागदाची, हे तिसऱ्या रांगेतून कोणाला दिसतं? वरच्या गोथेनबर्गच्या आजींना दिलेलं शंकूचं माप घ्या, कागद दुहेरी करा. हिरव्या-निळ्या पातळ कागदाच्या वीतभर पट्ट्या काढा, दोन्ही कडांना कात्रीनं तिरक्या बारीक चिरा द्या, मध्ये बांबूची किंवा झाडूची काडी चिकटवा, टोकाला डोळा रंगवा. काड्या खालून वर थराथरानं लावा. मुलगा गिरक्या घेणार, म्हणून टोपीच्या आत एक घट्ट शिवलेली सुती टोपी बसवून दोन्ही एकत्र टाचा. वजन त्या आतल्या टोपीनं पेलायचं असतं. सातपुड्यात अक्कलकुवा तालुक्यातल्या काठी गावच्या होळीत बुध्ये नावाचे नाचणारे मोरपिसांचे केवढाले टोप घालून रात्रभर नाचतात. ते टोप डोक्यावर राहतात ते बांबूच्या सांगाड्याच्या जोरावर. चिकटपट्टीच्या भरवशावर तसं नाचता येत नाही.

चिपळ्या मात्र खऱ्या मागवा. त्यांना कोणी अडवत नाही.

ताई, मुलगी सिंगापूरला आहे. नातू दहा महिन्यांचा. संक्रांतीनंतर बोरन्हाण करायचंय. इथून हलव्याचा मुकुट करून नेऊ म्हणते, पण तिथल्या दमट हवेत टिकेल का? आणि बाळाला टोचणार नाही ना?
— होणारी प्रवासी, डोंबिवली

हे पत्र मला सगळ्यांत आवडलं, कारण हलव्याचा मुकुट हे आपल्या हातकामातलं अवघड प्रकरण आहे आणि लोक त्याला खाऊ समजतात.

हलव्याला काटा येतो तो साखरेच्या पाकाच्या थेंबाथेंबानं, मंद आचेवर, हातानं हलवत राहून. घाई केली की गोळी होते, काटा येत नाही. आणि त्याला कोरडी थंडी लागते. पौषातल्या हवेत तो तयार होतो. दमट हवेत साखर पाणी ओढते, काटे आधी चकाकतात आणि मग बसतात. सिंगापुरात पौष नाही. तिथे बारा महिने आषाढ.

तरी न्यायचाच असेल तर असा न्या. दाण्याला भोक पाडू नका, फुटतो. जुन्या बायका करत तसा दाणा दोऱ्याच्या फासात पकडा, गाठ मारा, बोटभर दोरा सोडून पुढचा दाणा. अशा सरी इथे करून ठेवा, पण मुकुटावर लावू नका. सरी हवाबंद डब्यात, सोबत औषधांच्या बाटल्यांत असतात तसल्या ओल शोषणाऱ्या पुड्या दोन-चार कापडात बांधून. मुकुटाचा पाया वेगळा: जाड पुठ्ठा, त्यावर बाहेरून काळं कापड, आतून मऊ जुन्या सुती साडीची दुहेरी घडी. या वयाच्या बाळाचा घेर साधारण 45 सेंटिमीटर धरा, पण पुठ्ठा पूर्ण गोल नको, पुढच्या अर्ध्या भागापुरताच. मागे दोन मऊ नाड्या. सरी तिथे पोचल्यावर, त्याच सकाळी, वातानुकूलित खोलीत बसून मुकुटावर टाचा.

टोचणार नाही, आत कापड आहे. खरी भीती दुसरी आहे. दहा महिन्यांचं बाळ हातात येईल ते तोंडात घालतं आणि हलव्याचा दाणा घशात अडकण्याच्याच मापाचा असतो. म्हणून सरी लावून झाल्या की वरून पातळ पांढरी जाळी ताणून शिवा, दिसण्यात फरक पडत नाही. मुकुट घाला, ओवाळा, फोटो काढा आणि बोरं-चुरमुरे डोक्यावरून ओतण्याआधी उतरवा. नाहीतर चुरमुरे जाळीत अडकतात आणि बाळ ते शोधत बसतं. बोरन्हाणातही अख्खे हरभरे आणि लहान बोरं या वयाला नकोत. चुरमुरे, बत्तासे घ्या, उसाचे मोठे करवे नुसते शोभेला. खाली पडलेलं वेचायला मोठी मुलं बोलवा, ती त्यासाठीच येतात.

दुसरा मार्ग मला अधिक पसंत आहे. काळ्या कापडावर पांढऱ्या जाड सुतानं गाठीचा टाका घाला, ज्याला हल्ली फ्रेंच नॉट म्हणतात. सुईवर तीन वेढे घेतले की गाठ उठावदार येते, आणि गाठी दाट घातल्या की चार हातांवरून थेट काटेरी हलवा दिसतो. मुंग्या नाहीत, ओल नाही, घशात जायची भीती नाही, आणि धाकट्या भावंडालाही तोच मुकुट चालेल. खरा हलवा वाटीत ठेवा, मोठ्यांना तिळगुळाबरोबर द्या. हळदीकुंकवाला येणारी एखादी म्हणेल, ‘अगं, हा खरा नाही.’ म्हणू दे. तिला वाटीतला द्या.

इंग्लंडमधल्या लेस्टरहून विचारते: ख्रिसमसच्या जेवणात ‘क्रॅकर’ नावाची कागदी फटाकडी ओढल्यावर जो कागदी मुकुट निघतो तो माझ्या अंबाड्यावर दरवर्षी फाटतो. ऑफिसात सगळे घालून बसतात, मी एकटी बोडकी. इलाज?
— अंबाडेवाली

तो मुकुट पातळ कागदाचा असणार, कारण त्याला घडी होऊन बोटभर नळीत बसायचं असतं. लंडनच्या टॉम स्मिथ नावाच्या मिठाईवाल्यानं 1847 च्या सुमारास त्या फटाकड्या काढल्या तेव्हा आत मुकुट नव्हताच, तो त्याच्या पुढच्या पिढीनं घातला. एकाच मापात सगळी डोकी बसवायची म्हटल्यावर अंबाड्याचा विचार कोण करतो! फ्रान्समध्ये 6 जानेवारीच्या केकबरोबर सोनेरी पुठ्ठ्याचा मुकुट देतात, तो बरा जाड असतो. पण तो मिळवायला केकच्या आपल्या तुकड्यात लपवलेली वस्तू निघावी लागते.

तुमचा इलाज असा. मुकुट हातात आला की घालायच्या आधी त्याचा जोड शोधा, तिथे हलकेच उकला. अंबाड्याखालून कपाळावर आणा, जिथे आपण मुंडावळ्या बांधतो त्या जागी. दोन्ही टोकं मागे अंबाड्याच्या खाली दोन काळ्या पिनांनी केसांत अडकवा. पिना पर्समध्ये ठेवा, शेजारणीलाही लागतील.